झुरळ नव्हे, झुरळाची डबी शोधा!

रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की ओट्यावरून आणि मोरीच्या कडेने झुरळे सैरावैरा पळू लागतात. कुणी चप्पल उचलतो, कुणी खराटा. चार-दोन मेली की घरची मंडळी समाधानाने झोपतात. दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खेळ! शेवटी पगार झाल्यावर औषधाचा फवारा आणला जातो. घरभर वास सुटतो, सकाळी सुपलीभर मेलेली झुरळे केरात जातात आणि दोन-तीन आठवडे शांततेत जातात. मग एके दिवशी तिळाएवढी बारीक झुरळे डब्यांच्या मागून बाहेर पडतात आणि घरची बाई कपाळाला हात लावते. "औषधच नकली निघाले," असा निकाल लागतो आणि दुकानदाराच्या नावाने बोटे मोडली जातात.

औषध बहुधा खरेच असते. आपण मारतो ती डोळ्यांना दिसणारी झुरळे. त्यांची पुढची पिढी मात्र फडताळाच्या फटीत, शेगडीच्या बुडाशी, तसबिरीच्या मागे एका घट्ट बंद डबीत सुखरूप असते. ही डबी ओळखता आली नाही तर झुरळांशी चाललेला झगडा कधीच संपत नाही. ती ओळखता आली तर फारसा खर्च न करता निम्मे काम होते. म्हणून आज झुरळ बाजूला ठेवून त्याच्या अंड्यांची माहिती द्यावी असे आम्ही योजले आहे. "झुरळाच्या अंड्यांवर काय लिहायचे?" असे कुणाला वाटेल. पण ज्या घरात मूल मध्यरात्री धापा टाकत उठून बसते त्या घराला हा विषय क्षुल्लक वाटणार नाही. त्याबद्दल पुढे सांगूच.

डबी म्हणजे काय?

झुरळाची मादी कोंबडीसारखे एकेक सुटे अंडे घालत नाही. ती पुष्कळशी अंडी दोन ओळींत उभी रचते आणि त्यांच्याभोवती आपल्या शरीरातून निघणाऱ्या रसाचे आवरण घालते. हा रस वाळून कडक होतो आणि त्याची तपकिरी रंगाची पेटी तयार होते. शास्त्राच्या पुस्तकात तिला ऊथीका म्हणतात. आपण सोयीसाठी डबी म्हणू. डबीच्या वरच्या कडेला शिवणीसारखी दातेरी रेघ असते. पिल्ले तयार झाली की ती आत सगळी एकदम फुगतात, ही शिवण उकलते आणि पिल्ले बाहेर पडतात.

डबीचे कवच हेच झुरळाच्या वंशाचे चिलखत आहे. आपण फवारलेले औषध या कवचातून सहसा आत पोहोचत नाही. आई मरते, अंडी मात्र पुष्कळदा वाचतात. फवारणीनंतर तीन आठवड्यांनी बारीक झुरळे का दिसतात याचे उत्तर इथे आहे.

तीन झुरळे, तीन डब्या

आपल्याकडच्या घरांत प्रामुख्याने तीन प्रकारची झुरळे आढळतात. प्रत्येकाची डबी वेगळी आणि ती ठेवायची जागाही वेगळी.

पहिले लहान झुरळ. लांबी दीड सेंटिमीटरच्या आत, रंग फिकट तपकिरी, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. स्वयंपाकघरात दिसणारे बहुसंख्य झुरळ ते हेच. इंग्रजीत याला जर्मन झुरळ म्हणतात. याची डबी ६ ते ९ मिलिमीटर लांब आणि सुमारे ३ मिलिमीटर रुंद, म्हणजे तांदळाच्या जाड दाण्यासारखी पण चपटी असते. रंग शेंगदाण्याच्या टरफलासारखा आणि अंगावर जवळजवळ आडव्या रेघा. एका डबीत ३० ते ४० अंडी असतात. ही मादी डबी कुठे ठेवत नाही. पोटाच्या टोकाला डबी अडकवून तीन-चार आठवडे बरोबर घेऊन फिरते आणि पिल्ले बाहेर पडायच्या सुमारास, फार तर एखादा दिवस आधी, ती सोडते. अंड्यांना लागणारा ओलावाही आईच्या शरीरातूनच मिळतो. आयुष्यात ती अशा चार ते आठ डब्या तयार करते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डबी वागवणारी मादी फारशी बाहेर पडत नाही. खाणे कमी करते आणि फटीत दडून बसते. म्हणजे रात्री ओट्यावर आपल्या चपलेखाली सापडतात ती बहुतेक नर आणि पिल्ले. जिला गाठायला हवे ती फटीतच राहते!

दुसरे मोठे झुरळ. साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब, तांबूस तपकिरी, मानेच्या ढालीला पिवळसर कड. गटारे, चेंबर, संडास, मोरीचा पाइप या त्याच्या वस्तीच्या जागा. पावसाळ्यात गटारे तुंबली की ते वर घरात चढते आणि उडून अंगावर आले की लहानथोर सारेच किंचाळतात. याला अमेरिकन झुरळ म्हणतात. याची डबी सुमारे ८ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर उंच, गडद तांबूस किंवा काळपट, छोट्याशा बटव्यासारखी फुगीर. आत १४ ते १६ अंडी. ही मादी एक-दोन दिवसांतच डबी सोडते. अन्नपाण्याजवळच्या आडोशाला ठेवते आणि पुष्कळदा तोंडातल्या लाळेने चिकटवते. माळ्यावरची रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, पत्र्याच्या पेटीखालची जागा, कांद्या-बटाट्याच्या टोपलीचे बूड, मोरीच्या जाळीखालचा भाग इथे ती सापडते. पुस्तकांच्या बांधणीची खळ या झुरळाला फार आवडते. ज्या वस्तीत वाचनालय आहे तिथल्या कार्यकर्त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातली पुस्तके वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून झटकावीत. बाबासाहेबांचे ग्रंथ जपायचे तर झुरळाची डबी ओळखणे हाही त्या जपणुकीचाच भाग आहे.

तिसरे पट्ट्याचे झुरळ. आकाराने पहिल्याइतकेच किंवा किंचित लहान, पण पंखांच्या बाजूला फिकट आडवे पट्टे. याला ओल नको, ऊब हवी. म्हणून ते मोरीपाशी न राहता उंचावर आणि कोरड्या जागी राहते. याची डबी जेमतेम ५ मिलिमीटरची, फिकट तांबूस, आत दहा ते अठरा अंडी. ही मादी डब्या चिकटवते त्या जागा पाहा: तसबिरींच्या मागची बाजू, घड्याळाच्या मागे, टेबल-खुर्चीच्या खालच्या अंगाला, कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या आणि फ्रिजच्या मोटारीजवळ. दिवाळीची किंवा जयंतीची साफसफाई करताना आपण तसबिरीची काच पुसतो, हार घालतो. तसबीर उलटी करून मागचा पुठ्ठा पाहणारे किती?

डबी नव्हे ते कोणते?

अंडी म्हणून भलतेच काही मारले जाते आणि खरी डबी केरात तशीच जाते, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे. तेव्हा फरक समजून घ्यावा. कपाटामागे सापडणारी पांढरी, गोलसर, कडक कवचाची अंडी पालीची असतात. पाल झुरळे खाते, तेव्हा ती अंडी झुरळाची समजून फोडण्याचे कारण नाही. भिंतीवर लोंबणारी करड्या रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी पिशवी म्हणजे एका पतंगाच्या अळीचे घर. नीट पाहत राहिले तर ती हळूहळू सरकताना दिसते. दोन्ही टोकांना निमुळती काळी लेंडी उंदराची. चहाच्या भुकटीसारखे किंवा कुटलेल्या मिऱ्यासारखे काळे कण म्हणजे लहान झुरळाची विष्ठा. ती अंडी नव्हेत, पण ती दिसली की डबी वागवणारी मादी जवळच आहे असे खुशाल समजावे.

रिकामी डबी आणि भरलेली डबी यांतही भेद आहे. शिवण उकललेली, हलकी, दाबल्यावर चुरा होणारी डबी रिकामी. तिच्यातली पिल्ले आता घरात आहेत. शिवण घट्ट बंद आणि डबी टणक असेल तर ती भरलेली समजावी. कधी डबीच्या अंगाला एक गोल छिद्र दिसते. ते झुरळाच्या पिल्लांचे काम नव्हे. काळी, बारीक कमरेची, पोटाचा इवलासा भाग झेंड्यासारखा वरखाली हलवणारी एक गांधीलमाशी घरात खिडकीच्या काचेवर दिसते. ती मोठ्या झुरळाच्या डबीत आपले एक अंडे घालते. तिची अळी आतली सर्व अंडी खाऊन टाकते आणि वाढ झाल्यावर भोक पाडून बाहेर येते. माणसाच्या वाटेला ती जात नाही. तिला मारू नये. फुकटची चाकरी करणारा हा पाहुणा आहे.

पांढरे झुरळ आणि बिनपंखी झुरळ

डबीतून बाहेर आलेले पिल्लू पांढरट आणि मऊ असते. काही तासांत ते काळसर होते. त्याला पंख नसतात. म्हणून पुष्कळांना ती निराळीच किड्याची जात वाटते. झुरळाच्या आयुष्यात अळी नाही, कोष नाही. लहान झुरळच कात टाकत टाकत मोठे होते. लहान जातीचे पिल्लू पाच ते सात वेळा कात टाकते आणि उष्ण हवेत सुमारे दोन महिन्यांत वयात येते. मोठ्या जातीला सहा महिने ते वर्षभर लागते. कात टाकल्यावर ते प्रत्येक वेळी काही काळ पांढरे दिसते. "आमच्याकडे पांढरे झुरळ निघाले" असे जे आश्चर्याने सांगितले जाते ते हेच.

पिल्ले सुरुवातीला फार लांब जात नाहीत. मोठ्या झुरळांच्या विष्ठेवरही त्यांचे पोट भरते आणि त्या विष्ठेच्या वासाने बाकीची झुरळेही तिथेच गोळा होतात. म्हणजे मेलेली झुरळे उचलली पण फडताळातले काळे डाग तसेच ठेवले तर तो नव्या झुरळांना पाठवलेला सांगावाच ठरतो. ते डाग साबणाच्या पाण्याने घासून काढलेच पाहिजेत.

नर नसले तरी मोठ्या झुरळाची मादी काही प्रमाणात वंश चालवू शकते, ही तर आणखी नवलाची गोष्ट. जपानमधील होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नराचा संबंध न आलेल्या १५ माद्यांपासून सुरू झालेली वसाहत तीन वर्षांहून अधिक काळ टिकली. लहान जातीत नर लागतो, पण तिथे मादीला बहुधा एकदाचा संबंध आयुष्यभराच्या डब्यांना पुरतो.

चक्रवाढीचा हिशेब

आम्ही पडलो कारकून. आकडे मांडल्याशिवाय आम्हाला गोष्ट पटत नाही. म्हणून लहान झुरळाचा हिशेब करून पाहू.

एका डबीत ३६ अंडी धरा. त्यातली ३० पिल्ले मेली असे उदारपणे समजू. उरली ६. त्यांत ३ माद्या, ३ नर. डबी तयार होण्यापासून पिल्लू वयात येईपर्यंत सुमारे तीन महिने जातात. प्रत्येक मादीने एकच डबी केली असे धरले तरी तीन महिन्यांनी ३ माद्या, सहा महिन्यांनी ९, नऊ महिन्यांनी २७ आणि वर्षअखेर ८१. तेवढेच नर. प्रत्येक मादीच्या दोन डब्या धरल्या तर चौथ्या पिढीत, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात, माद्याच १,२९६ होतात! घरात अन्न आणि जागा मर्यादित असल्याने प्रत्यक्षात वाढ कुठेतरी अडते. पण सावकाराच्या कर्जासारखी ही चक्रवाढ आहे एवढे यातून कळते. दिसणारी झुरळे मारणे म्हणजे व्याज फेडत राहणे. भरलेली डबी आणि डबीवाली मादी नष्ट करणे म्हणजे मुद्दल फेडणे. मुद्दलाला हात घातल्याशिवाय कर्ज फिटत नाही, हे आपल्या आईवडिलांनी चांगलेच अनुभवले आहे.

दोष कुणाच्या माथी?

आमच्या ओळखीच्या एका मुलीच्या दप्तरातून भर वर्गात झुरळ निघाले. वर्ग हसला. "यांच्या वस्तीत असेच असते," असे कुणीतरी बोलले. मुलगी दोन दिवस शाळेत गेली नाही. तिची आई रोज पहाटे उठून घर सारवल्यासारखे स्वच्छ ठेवणारी बाई. पण वर्गाला ते कोण सांगणार?

झुरळ ही घाणेरड्या माणसांची निशाणी आहे ही समजूत खोटी आहे. बड्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत, आगबोटींत, इस्पितळांत झुरळे असतात. नावांचाच गंमतीदार इतिहास पाहा. लहान झुरळाला लिनिअस या शास्त्रज्ञाने १७६७ साली जर्मनीचे नाव दिले. रशियन लोक त्याला प्रशियाचा म्हणतात, तर जर्मनीत काही भागांत त्याला रशियाचा म्हणत. प्रत्येकाने आपल्या घरातला किडा शेजाऱ्याच्या नावावर खपवला! २०२४ साली १७ देशांतील २८१ झुरळांची जनुके तपासून संशोधकांनी दाखवले की हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी दक्षिण आशियात, बहुधा भारत किंवा म्यानमारमध्ये, रानातल्या एका जातीपासून वेगळे झाले आणि माणसांच्या घरांना चिकटून, व्यापाराच्या मार्गाने जगभर गेले. मोठे "अमेरिकन" झुरळही मूळचे अमेरिकेचे नाही. ते आफ्रिकेतून जहाजांबरोबर तिकडे पोहोचले.

मग दाटीच्या वस्तीत झुरळे जास्त का? कारण दहा बाय दहाची खोली, शेजारच्या खोलीशी सामाईक भिंत, एकच पाइप, उघडे गटार. पाणी येते ठरावीक वेळी, म्हणून पिंप, हंडे, कळशा भरून ठेवाव्याच लागतात. लहान झुरळ अन्नाशिवाय महिनाभर काढते, पण पाण्याशिवाय त्याचे दोन आठवड्यांतच आटोपते. ज्या घरात पाणी साठवणे ही गरज आहे तिथे त्याची सोय आपोआप होते. मोठे झुरळ तर दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर जेवढी जाडी होते तेवढ्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या फटीतून अंग चपटे करून जाते, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१६ साली मोजून दाखवले. चाळीच्या भिंतीत अशा फटी किती, हे आपण जाणतोच. तेव्हा दोष घरच्या बाईचा नाही. चाळीच्या बांधणीचा, गटाराचा आणि पाण्याच्या व्यवस्थेचा आहे. लाज बाळगून झुरळे लपवण्यापेक्षा ती सर्वांनी मिळून हटवावीत.

मुलांचा दमा

आता मूळ चिंतेकडे येऊ. झुरळाची विष्ठा, लाळ आणि टाकलेली कात वाळून तिची धूळ होते. ही धूळ श्वासावाटे गेली की काही मुलांना तिचे वावडे निर्माण होते आणि दम्याचा जोर वाढतो. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत दम्याच्या ४७६ मुलांचा अभ्यास झाला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ३७ टक्के मुलांना झुरळांचे वावडे होते. ज्यांना वावडे होते आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत झुरळांची धूळही भरपूर होती, त्यांना इस्पितळात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक निघाले. ती मुलेही बहुतेक काळ्या आणि स्पॅनिश भाषक गरीब कुटुंबांतली होती. वस्ती सातासमुद्रापलीकडची, पण खोली ओळखीची वाटते!

आशेची बाजूही आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात दमेकरी मुलांच्या घरी केवळ झुरळांचे आमिष-औषध जागोजागी ठेवून पाहिले, तेव्हा झुरळे घटली आणि मुलांच्या त्रासाचे दिवसही कमी झाले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र दमेकरी मूल असलेल्या घरात फवारा मारू नये. त्या वासानेच धाप लागू शकते. दम्याचे औषधपाणी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे आणि झुरळांचा बंदोबस्त वेगळा करावा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

काय करावे?

पहिले काम डबी शोधण्याचे. एका सुटीच्या दिवशी बॅटरी घेऊन बसावे. शेगडी उलटी करावी, मिक्सरचे बूड पाहावे, फडताळाचे बिजागर, खणांच्या खालची बाजू, तसबिरींची मागची बाजू, मुलांची दप्तरे, रद्दी, खोकी सगळे तपासावे. मुलांची नजर तीक्ष्ण असते. त्यांना शोधायला सांगावे, उचलायचे काम मात्र मोठ्यांनी हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून करावे. नाकातोंडाला रुमाल बांधावा.

सापडलेली डबी केरात किंवा गटारात टाकू नये. तिथेही ती उबते. ती दगडाने चिरडावी किंवा उकळत्या पाण्यात टाकावी. पुठ्ठ्याची खोकी शक्य तर घरात ठेवूच नयेत. वाण्याकडून, बाजारातून येणाऱ्या खोक्यांतून डब्या घरात येतात. जुने फर्निचर, जुना फ्रिज विकत घेतला तर आत आणण्यापूर्वी उलटसुलट करून पाहावा.

दुसरे काम पाणी तोडण्याचे. पिंपांना झाकणे घालावीत, रात्री मोरी फडक्याने कोरडी करावी, खरकटी भांडी सकाळवर ठेवू नयेत, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. भिंतीतल्या फटी सिमेंटने किंवा पुटीने बुजवाव्यात.

तिसरे काम औषधाचे. बोरिक पावडर, कणीक आणि थोडी साखर यांच्या गोळ्या करून आडोशाला ठेवण्याची रीत आपल्या बायकांना ठाऊक आहे आणि ती चांगली आहे. डबीवाली मादी बाहेर येत नसल्याने गोळ्या मोकळ्यावर नव्हे, फटीच्या अगदी तोंडाशी ठेवाव्यात. काही ठिकाणच्या लहान झुरळांना ग्लुकोजची गोडी कडू लागते, हे १९९३ आणि २०१३ सालच्या संशोधनांनी दाखवले आहे. गोळ्यांना झुरळे तोंड लावत नसतील तर आमिष बदलावे. दुकानात मिळणारे जेलही असेच फटीत ठिपक्या-ठिपक्यांनी लावायचे असते. त्याच जागी फवारा मारू नये, नाहीतर झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. काकडीच्या साली, तमालपत्र, डांबरगोळ्या यांनी डबीचे काही बिघडत नाही.

बोरिक पावडर विषारी आहे हे विसरू नये. ती पिठासारखी दिसते. पिठाच्या डब्याजवळ ठेवू नये, पुडीवर ठळक अक्षरांत नाव लिहावे, रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी गोळ्या ठेवाव्यात. कुणाच्या पोटात गेलीच तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब इस्पितळ गाठावे. आणि शेतात मारायचे औषध, मग ते कितीही जालीम आणि स्वस्त असो, घरात कदापि आणू नये. बंद खोलीत त्याने माणसे दगावू शकतात.

चौथे काम तारखांचे, आणि नेमके तेच राहून जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार खुणा करा. पहिला दिवस मोहिमेचा. दुसरी खूण तीन आठवड्यांनी. तोवर वाचलेल्या डब्यांतली पुष्कळ पिल्ले बाहेर आलेली असतात आणि वयात यायला त्यांना अजून दोन महिने असतात. त्यांना आताच गाठले तर नवी डबी बनतच नाही. तिसरी खूण दीड महिन्याने, उशिरा उबलेल्या आणि मोठ्या झुरळांच्या डब्यांसाठी. चौथी तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी शोध, सफाई, ताज्या गोळ्या. नेहमीची फवारणी एकदाच करून थांबणे म्हणजे पहिला हप्ता भरून कर्ज फिटले असे मानणे!

एकट्याचे काम नव्हे

वरचे सारे एका घराने केले आणि बाकीच्या पंधरा घरांनी केले नाही तर झुरळे पाइपावरून शेजारी जातात आणि महिन्याभरात परत येतात. आम्ही ज्या चाळींत हे काम पाहिले तिथे मजल्यावरच्या सर्व घरांनी एकच रविवार ठरवला तेव्हाच गुण आला. महिला मंडळाने बोरिक पावडर एकत्र आणली, तर ती स्वस्त पडली. तरुणांनी माळे आणि जिन्याखालची अडगळ काढली. म्हाताऱ्या, एकट्या माणसांच्या खोल्या इतरांनी साफ केल्या. ज्या घरात झुरळे जास्त निघाली त्या घराची कुणी टिंगल करायची नाही, एवढा एक नियम मात्र आधीच ठरवून घ्यावा. टिंगलीच्या भीतीने दार बंद राहिले तर तिथल्या डब्या पुन्हा सर्वांच्या घरी येतील.

याच बरोबर चेंबरची झाकणे, फुटके पाइप, तुंबलेली गटारे यांची यादी करून सर्व भाडेकरूंच्या सह्यांनिशी घरमालकाला किंवा नगरपालिकेच्या आरोग्य खात्याला अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यावी, तारीख जपून ठेवावी, महिन्याने स्मरणपत्र द्यावे. आमचा कचेरीतला अनुभव असा की तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच घेतलेला कागद मात्र कुणाला ना कुणाला उत्तर द्यायला लावतो. घराच्या आतल्या डब्या आपण शोधू. घराबाहेरच्या गटाराचा जाब ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांना विचारू.

येत्या रविवारी एवढेच करा. घरातली एक तसबीर उतरवा, एक फडताळ रिकामे करा, शेगडी उलटी करा आणि मुलांना जवळ बसवून डबी कशी असते ते दाखवा. ज्या मुलाला ती ओळखता येईल ते मूल उद्या वर्गात झुरळ निघाले तर मान खाली घालणार नाही. उलट बाकीच्यांना चार गोष्टी समजावून सांगेल.